टँकर कोणता, वारा कुठला?

उरण-पनवेल परिसरातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावणाऱ्या कंटेनर आणि टँकरच्या रांगेत एक गोष्ट सहसा कोणी वाचत नाही. धोकादायक माल वाहून नेणाऱ्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक पाटी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ती सक्तीची आहे. पाटीवर मालाचे नाव, धोक्याचे चिन्ह, आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आणि चार आकडी एक क्रमांक लिहिलेला असतो. हा क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला असून जगभर त्याचा अर्थ एकच आहे. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरिन, १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १८३० म्हणजे गंधकाम्ल, म्हणजेच सल्फ्युरिक आम्ल.

टँकर उलटला आणि हा आकडा कोणी १०१ किंवा ११२ वर नीट सांगितला, तर निघणारे पथक योग्य साहित्य घेऊन निघते. ‘टँकर उलटलाय, कसला तरी वास येतोय,’ एवढेच सांगितले तर पहिली काही मिनिटे माल ओळखण्यातच जातात. ही मिनिटे महाग पडतात, कारण रासायनिक अपघातात सर्वाधिक नुकसान अनेकदा पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि त्या अर्ध्या तासात घटनास्थळी असतात ते गावकरीच.

जासई हे असेच वाटेवरचे गाव आहे. उरण तालुक्यातल्या या गावाच्या एका अंगाला जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी अवजड वाहतूक आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या अटल सेतूचे उतारमार्गही याच पट्ट्यात आहेत. तालुक्यात पुढे इंधन आणि रसायनांच्या साठवण टाक्या, भेंडखळचा गॅस भरणा प्रकल्प, बोकडवीऱ्याचे वायू विद्युत केंद्र आणि ओएनजीसीचा तेल व वायू प्रक्रिया प्रकल्प आहे. ३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला. त्यातले तिघे आग विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये बोकडवीऱ्याच्या केंद्रात स्फोट होऊन कर्मचाऱ्यांचे बळी गेले. याच रायगड जिल्ह्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये एका औषध कंपनीला लागलेल्या आगीत ११ कामगार दगावले.

या घटनांमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र तहान लागल्यावर विहीर खणायची सवय इथे परवडणारी नाही.

एकाच वर्षाची दोन टोके

जासईचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते १९८४ च्या जानेवारीमुळे. नवी मुंबईसाठी संपादित होणाऱ्या जमिनीला योग्य मोबदला मिळावा म्हणून जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यांचे स्मारक जासईत आहे. याच लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. सरकारी निर्णयाला जाब विचारता येतो आणि तो बदलून घेता येतो, हे या पट्ट्याने फार मोठी किंमत देऊन दाखवले.

त्याच वर्षाच्या शेवटी, २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री, भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली आणि हजारो माणसे मेली. तिथल्या वस्त्यांना कारखान्यात काय साठवले आहे, ते शरीरात गेल्यावर काय करते आणि भोंगा वाजला तर कुठे जायचे, यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. जीव वाचवायला लोक धावले. त्यातले अनेक जण वायू ज्या दिशेने चालला होता, त्याच दिशेने धावत राहिले. धावताना श्वास खोल आणि जलद होतो, त्यामुळे विषही जास्त आत गेले.

भोपाळनंतर देशात कायद्यांची एक मालिकाच आली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे कारखान्यावर बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम आले, १९९६ मध्ये रासायनिक अपघातांचे नियम आले आणि २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा. जासईने जमिनीचा हक्क मागितला होता. भोपाळने देशाला आणखी एका हक्काची जाणीव करून दिली. शेजारी काय साठवले आहे, हे कळण्याचा तो हक्क.

वायू शरीरात काय करतो?

सगळे वायू सारखे वागत नाहीत, त्यामुळे सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही.

क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो जमिनीलगत सरपटतो आणि खड्डे, नाले, तळघरे अशा सखल जागी साचतो. डोळे, नाक आणि घशातल्या ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन आम्ले तयार होतात. म्हणून आधी डोळे झोंबतात आणि खोकल्याची उबळ येते. खरा धोका मात्र पुढे असतो. वायू जास्त प्रमाणात आत गेला असेल, तर काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. ‘आता बरे वाटतेय’ म्हणून घरी गेलेला माणूस रात्री अत्यवस्थ होतो, तो यामुळे. अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.

अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका असतो. पण टाकीतून द्रवरूपात बाहेर पडला की तो अतिशय थंड असतो आणि पांढऱ्या धुक्यासारखा काही काळ जमिनीलगतच राहतो. तो पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून डोळ्यांना त्याची इजा सर्वांत आधी आणि सर्वांत गंभीर होते. त्यावर पहिला उपचार साध्या स्वच्छ पाण्याचा आहे. निदान १५ मिनिटे डोळे उघडे धरून सतत धुवावे लागतात. ही १५ मिनिटे रुग्णवाहिका येण्याआधी सुरू झाली, तर दृष्टी वाचण्याची शक्यता वाढते.

स्वयंपाकाचा गॅस विषारी म्हणून नव्हे, तर ज्वालाग्राही म्हणून धोकादायक असतो. तो हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू तयार होतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरे होते. गाडीची किल्ली फिरवणे, दिव्याचे बटण दाबणे किंवा बिडी पेटवणे यातून ती ठिणगी मिळू शकते. उलटलेल्या टँकरभोवती मोबाइलवर चित्रीकरण करत उभी राहणारी गर्दी नेमकी या ढगात उभी असते. ऑगस्ट २०१२ मध्ये केरळात कन्नूरजवळ चाला इथे आणि डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ गॅस टँकरच्या अपघातांनंतर आगीचे लोळ आसपासच्या लोकांवर आले. त्यातले बरेच बळी त्या टँकरशी काहीही संबंध नसलेले होते.

हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढले की नाकाची संवेदना बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजणे इथे जिवावर बेतू शकते.

वारा कुठला, हे आधी पाहा

किनारपट्टीवर वाऱ्याचे एक साधे वेळापत्रक असते. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि तो उलटा वाहतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर असतो. हिवाळ्याच्या शांत रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि वर गरम हवेचे झाकण राहते. तेव्हा वायू वर जात नाही, पसरत नाही, वस्तीतच रेंगाळतो. भोपाळची रात्र अशीच डिसेंबरची होती. कोळी आणि आगरी घरांतल्या जुन्या माणसांना वाऱ्याचे हे ज्ञान पुस्तकाशिवाय आहे. आपत्तीच्या नियोजनात ते उपयोगी पडते.

गळती झाल्यावर वाऱ्याच्या दिशेने किंवा वाऱ्याच्या विरुद्ध धावू नये. वाऱ्याला आडवे जावे आणि जड वायू असेल तर उंचावर जावे. बाहेर पडण्याएवढा वेळ नसेल तर घरातच राहावे. दारे-खिडक्या बंद करून फटींना ओले कापड लावावे, पंखे आणि एसी बंद करावेत. नाकातोंडावर ओला कपडा धरल्याने क्लोरिन आणि अमोनियासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या वायूंपासून थोडे संरक्षण मिळते. स्वयंपाकाचा गॅस किंवा कार्बन मोनॉक्साइड यांच्यापुढे मात्र त्याचा काही उपयोग नाही. आसपास ज्वालाग्राही गॅस असेल, तर दिव्याच्या आणि पंख्याच्या बटणांना हातच लावू नये. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. अंगावर रसायन उडाले असेल, तर कपडे ताबडतोब उतरवून अंग भरपूर पाण्याने धुवावे. बहुतांश रसायन कपड्यांसोबतच निघून जाते.

आता प्रश्न असा की घरात थांबायचे की बाहेर पडायचे, हे गावाला रात्री दोन वाजता कोण सांगणार? ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणममधल्या एका कारखान्यातून स्टायरिनची वाफ वस्तीत शिरली. किमान १२ जण मेले, शेकडो रुग्णालयात गेले. राज्य सरकारने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने काढलेल्या दोषांत एक दोष असा होता की कारखान्यात भोंगे होते, पण ते वाजवलेच गेले नाहीत.

नियम काय सांगतात?

१९८९ च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या प्रत्येक आस्थापनेने आवारातल्या आपत्तीचा आराखडा तयार ठेवायचा असतो आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची असते. आवाराबाहेरच्या, म्हणजे गावांसाठीच्या, आराखड्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते. त्याचीही वर्षातून एकदा तालीम व्हायला हवी. याच नियमांतला पंधरावा नियम सर्वांत कमी माहीत असलेला, पण गावासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. अपघात झाल्यास ज्यांना झळ पोहोचू शकते, अशा आवाराबाहेरच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि ‘काय करावे, काय करू नये’ हे आधीच कळवले पाहिजे, असे तो सांगतो.

१९९६ च्या नियमांनी त्यासाठी समित्यांची उतरंड घालून दिली आहे. केंद्र आणि राज्याच्या खाली जिल्हा संकट गट असतो, त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्याखालच्या स्थानिक संकट गटाचे अध्यक्ष उपविभागीय दंडाधिकारी असतात. या स्थानिक गटात कारखाने निरीक्षक, पोलिस, अग्निशमन अधिकारी, गटविकास अधिकारी आणि आरोग्य अधिकारी यांच्यासोबत जवळच्या गावाचे सरपंच, दोन डॉक्टर, दोन सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी, वाहतूकदार आणि स्थानिक वृत्तपत्राचे संपादकसुद्धा असावेत, असे नियमात स्पष्ट लिहिले आहे. गटाची बैठक दर महिन्याला आणि पूर्ण प्रमाणात रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी व्हावी, असेही त्यात आहे. नागरिकाने विचारले तर संभाव्य अपघाताची माहिती देणे हे या गटाचे काम आहे.

थोडक्यात, सरपंचाची या गटातली खुर्ची कोणाच्या मेहेरबानीची नाही, ती नियमाने दिलेली आहे. तिच्यावर कोणी बसते का, बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाते का आणि तालमीत गाव सहभागी होते का, हे विचारणे गावाच्या हातात आहे.

समोरच्या किनाऱ्यावरचा धडा

बंदराच्या पाण्यापलीकडे, मुंबईत माहुल-आंबापाडा परिसर आहे. तिथल्या रहिवाशांना वर्षानुवर्षे हवेतल्या रसायनांच्या वासाचा आणि श्वास कोंडण्याचा त्रास होता. केवळ तक्रारींवर हे प्रकरण पुढे सरकत नव्हते. केईएम रुग्णालयाने केलेल्या आरोग्य पाहणीने चित्र बदलले. सुमारे दोनतृतीयांश रहिवाशांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागण्याचा त्रास असल्याचे त्यात दिसले. रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ही पाहणी तिथे पुरावा ठरली आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला.

अलीकडच्या किनाऱ्यावरही उदाहरण आहे. बंदराच्या भरावामुळे मासेमारीचे पाणी गेलेल्या उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी लवादात दावा केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश झाला.

दोन्ही लढ्यांत नोंदी कामाला आल्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता वास आला, कोणाला कोणता त्रास झाला आणि कोणत्या डॉक्टरांनी काय लिहून दिले, ही वही गावाने ठेवली तर पुढे तिचा उपयोग होतो. आशा कार्यकर्ती, शाळेतले शिक्षक आणि एखादे महिला मंडळ मिळून ती सहज ठेवू शकतात.

याउलट, कोणी जाब न विचारल्यास काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदर भागात बेवारस पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरिन गळला आणि कामगार, विद्यार्थी, अग्निशमन दलाचे जवान अशा अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ते सिलिंडर १९९७ पासून तिथेच होते.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

ग्रामसभेचा ठराव हे या कामातले पहिले साधन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभांत रस्ते-पाण्याच्या जोडीने पुढचे प्रश्न मांडता येतात.

- गावापासून जवळच्या कोणत्या आस्थापना मोठ्या अपघाताच्या धोक्याच्या यादीत आहेत आणि तिथे कोणती रसायने साठवली आहेत?
- आवाराबाहेरच्या आराखड्यात आपल्या गावाचे नाव आहे का? गाव रिकामे करायचे तर कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वाहनांनी?
- शेवटची रंगीत तालीम कधी झाली? तिच्या अहवालात कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्या कोणी दूर केल्या?
- भोंगा गावात ऐकू येतो का? धोक्याचा आणि धोका टळल्याचा भोंगा वेगळा कसा ओळखायचा?
- रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या टँकरसाठी सुरक्षित वाहनतळ आहे का?
- प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि डोळे धुण्याची सोय आहे का? भाजलेल्या रुग्णांना कुठे न्यायचे, हे ठरलेले आहे का?

शेवटचा प्रश्न उरण तालुक्यासाठी जुनाच आहे. शंभर खाटांचे रुग्णालय व्हावे, ही मागणी इथले नागरिक अनेक वर्षे लावून धरत आहेत. भाजलेल्या किंवा वायूबाधित रुग्णाला पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते, तेही अपघाताने तुंबलेल्या त्याच रस्त्याने. आरोग्य यंत्रणा हा आपत्तीच्या आराखड्याचाच भाग आहे आणि आराखडा तपासताना तिचीही झाडाझडती व्हायला हवी.

उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांच्या शुल्कासह केलेल्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. माहिती जीविताशी निगडित असेल तर मुदत ४८ तासांची आहे. उत्तर न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘स्थानिक संकट गटाच्या मागील दोन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते’ आणि ‘रंगीत तालमीच्या अहवालांच्या प्रती’ असे नेमके मागावे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. ठरावाची प्रत दोघांनाही पाठवावी.

सरकारकडून उत्तर येईपर्यंत गावाला हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. प्रत्येक आळीत एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, दम्याचे रुग्ण, गरोदर महिला आणि तान्ही बाळे कुठे आहेत, याची यादी करायला एक रविवार पुरतो. त्यांना उचलून नेण्याची जबाबदारी कोणत्या दोघांची, तेही त्याच यादीत लिहावे. शाळेच्या किंवा देवळाच्या गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा एक कापडी शंकू लावायला फार खर्च येत नाही. ११२, रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनाचा १०१, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि घरगुती गॅसगळतीचा १९०६ हे क्रमांक चौकातल्या भिंतीवर रंगवता येतात. टँकरवरच्या पाच-सहा नेहमीच्या क्रमांकांचा तक्ता शाळेतली मुले आठवड्याभरात पाठ करतील.

जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना अंधारात, पावसात डोंगर चढून जावे लागले. तोवर ढिगाऱ्यापाशी होते ते वाचलेले वाडीकरच. पथक कितीही तत्पर असले तरी त्याला वाट कापावी लागते आणि गाव मात्र तिथेच असते. म्हणून आराखड्याची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात असेल, तर दुसरी ग्रामपंचायतीत हवी, आणि तिच्यात काय लिहिले आहे हे निदान प्रत्येक घरातल्या एका माणसाला माहीत हवे.